काकांनी परत केलेली किल्ली

काकांनी मला फसवलं. मी काकांना फसवलं नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण अमेरिकेतल्या आमच्या जुन्या श्रूजबरीकरांत आजही गोष्ट उलटी सांगितली जाते, आणि सांगणाऱ्यांत शिकलेली माणसं जास्त आहेत.

तुमच्यापैकी ज्यांनी त्यांना पाहिलं असेल, त्यांना पहिल्यांदा आठवेल तो त्यांचा उजवा हात. चढावर मागच्याला दम लागला की काका वळायचे नाहीत. हात पाठीमागे नेऊन दोन बोटं हलवायचे आणि म्हणायचे, "हे काय, आलंच." एकाच चढावर हे वाक्य मी सतरा वेळा मोजलं आहे. सतराव्यांदा खरंच आलं होतं.

नाव लिहीत नाही. आम्ही सगळे नुसतं काका म्हणायचो आणि ते सगळ्यांना पुरायचं. मूळचे यवतमाळकडचे. गावात सगळ्यांत उंच वस्तू म्हणजे पाण्याची टाकी, असं तेच सांगत. वूस्टरच्या एका यंत्रांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. अमेरिकेत आल्यावर दुसऱ्याच वर्षी काकू गेल्या. मूलबाळ नव्हतं. कारखान्यातल्या एका सोबत्याने त्यांना एका शनिवारी न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात नेलं. "वर गेलो आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा भूक लागली," एवढंच ते त्याबद्दल बोलत. त्यापुढे मीही कधी विचारलं नाही.

त्या डोंगरात एका छोट्या क्लबची ओंडक्यांची झोपडी होती. आत लोखंडी शेगडी, दोन मजली फळ्यांचे पलंग, आठ माणसं झोपतील एवढी जागा. रस्त्यापासून चार मैल आत, आणि ते चारही मैल वरच्या दिशेने. सगळे तिला हट म्हणत, काका खोपी म्हणत. हिवाळ्यात दर शनिवार-रविवार तिथे जाऊन धुराडं बघायचं, लाकडं फोडायची, येणाऱ्यांची वही नीट ठेवायची, असा एक बिनपगारी राखणदार क्लबला हवा होता. "त्यात संडास साफ करणंही होतं हो. मीटिंगमध्ये ते वाक्य आलं आणि सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. किल्ली मिळाली." हे सांगताना त्यांचा चेहरा लॉटरी लागलेल्या माणसासारखा असायचा.

मी तेव्हा वूस्टरमध्ये बुटांचं दुकान चालवत होतो. आधी गाडीच्या डिकीतून मोजे विकले, मग फ्ली मार्केटात टेबल लावलं, मग दुकान. बूट, बुटांची दुरुस्ती, आणि कोपऱ्यात किल्ल्या बनवायचं मशीन. शेजारच्या श्रूजबरीत आपली अकरा कुटुंबं होती. दहा घरी डॉक्टर किंवा इंजिनियर होते, अकराव्या घरी मी. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझी ओळख करून देताना लोक किंचित थांबायचे आणि मग म्हणायचे, "हे... बिझनेसमध्ये आहेत."

काका दुकानात पहिल्यांदा आले ते बर्फातले बूट बघायला. अर्धा तास शिवण तपासली आणि म्हणाले, "भाव तुमचाच राहू द्या. पण एक हिवाळा वापरतो, मग घ्यायचे का ते सांगतो."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काका, बाहेरचा रस्ता तिकडे आहे."

ते दारापर्यंत गेले, वळले, म्हणाले, "मग असं करा शेठ, शनिवारी तुम्हीच चला. तुमच्या पायांत तुमचे बूट, माझ्या पायांत तुमचे बूट. वर पोचेपर्यंत टिकले तर तिथेच सौदा पक्का."

असा सौदा मला आयुष्यात कुणी दिला नव्हता. मी गेलो. पायांत बर्फावर चालायच्या जाळ्या, छातीत भाता, आणि पुढे ती दोन बोटं. काका स्कीवर होते. स्कीच्या तळाला ते एक केसाळ पट्टी चिकटवत. ती पुढे सरकू देते, मागे घसरू देत नाही. मी थांबून ती हाताने चाचपून पाहिली, तर म्हणाले, "धंद्याला लावता येते का बघताय ना?" तेच बघत होतो.

बूट टिकले. त्यानंतर मी हिवाळ्यातले निम्मे शनिवार दुकान बायकोवर सोपवून काकांच्या मागे जाऊ लागलो. घरी सांगायचो, गिऱ्हाईक सांभाळतोय.

खोपीचा एक नियम होता. निघण्यापूर्वी शेगडीत पुढच्यासाठी लाकडं रचून जायची: खाली कागद, वर काटक्या, त्यावर फोडलेली लाकडं. येणाऱ्याची बोटं गारठलेली असतात, त्याला एका काडीत आग मिळाली पाहिजे. एकदा मी घाईत तसाच निघालो. दहा मिनिटं उतरल्यावर वरून हाक आली.

"शेठ! शेगडी!"

"काका, वादळ येतंय. या आठवड्यात इथे कुत्रंही येणार नाही."

"मग जो येईल तो किती वाईट अवस्थेत असेल, विचार करा."

"बरं, अर्धी रचतो."

"अर्धी पेटवून दाखवा, मग जाऊ."

मी परत चढलो आणि पूर्ण रचली. रचताना शिव्या दिल्या. त्यांनी त्या ऐकल्या आणि एक लाकूड तिरकं लागलं होतं ते सरळ केलं.

मग आला तो मंडळाचा ट्रेक. आमच्यातले एक हृदयाचे डॉक्टर होते. श्रूजबरीतलं सगळ्यांत मोठं बेसमेंट त्यांचं, म्हणून मंडळही तिथेच भरायचं. त्यांनी ठरवलं की सगळ्यांनी काकांची हट बघायची. आठ जण निघाले. सगळ्यांच्या पायांत माझ्या दुकानातले बूट. काका शेवटच्या दमलेल्यांना घेऊन मागे राहिले होते. आम्ही पुढचे पोचलो आणि आपल्या लोकांनी जे करायचं तेच केलं. दाराबाहेर बूट काढले, जोड्या नीट लावल्या आणि मोज्यांनी आत गेलो. मागून आलेल्यांनीही रांग पाहून रांगेतच काढले. काकांचं लक्ष एका काकूंच्या मुरगळलेल्या पायाकडे होतं.

सकाळी डॉक्टरांची मुलगी खिडकीतून ओरडली, "डॅडी, लुक! पॉर्क्युपाइन! सो क्यूट!"

साळिंदराला खारट फार आवडतं. दिवसभर घामात भिजलेले बूट म्हणजे त्याच्या दृष्टीने पंगतच मांडलेली. तीन जोड्यांच्या जिभा गेल्या होत्या, एका बुटाचा वरचा भागच गायब होता. तो डॉक्टरांचा होता.

डॉक्टर तो बूट हातात धरून माझ्याकडे आले. "ही तुमची क्वालिटी!"

"साळिंदराने खाल्लाय तो! अस्सल चामडं आहे म्हणून खाल्लाय! प्लॅस्टिकचा असता तर तोंडसुद्धा लावलं नसतं!"

"यार, रिफंडचं काय ते बोला."

"रिफंड साळिंदराकडे मागा!"

आम्ही दोघं बर्फात मोज्यांवर उभं राहून भांडत होतो, आणि काका दाराच्या चौकटीला धरून हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मग आत गेले, आपले बूट काढले आणि डॉक्टरांपुढे ठेवले. स्वतःच्या पायांना लोकरीचे दोन मोजे, त्यावर पावाच्या रिकाम्या पिशव्या, त्यावर कॅनव्हासचा तुकडा गुंडाळला, जाळ्या बांधल्या आणि चार मैल उतरले. डॉक्टर वाटेत दोनदा म्हणाले, "काका, कसं वाटतंय?" दोन्ही वेळा उत्तर आलं, "हे काय, आलंच."

पुढच्या आठवड्यात खोपीत क्लबच्या इंग्रजी नियमांखाली एक नवी पाटी लागली, ड्राफ्ट्समनच्या सुबक देवनागरीत: "बूट आत आणा. इथे देव नाही, साळिंदर आहे." क्लबच्या अध्यक्षाने विचारलं, हे काय लिहिलंय? काका म्हणाले, धार्मिक सूचना आहे. अमेरिकन माणूस लगेच गप्प बसला.

आता मुद्द्यावर येतो.

एका सप्टेंबरात काका दुकानात नाड्या घ्यायला आले आणि स्टुलावर बसले ते उठेनात. ओठ निळसर झाले होते. मी शटर ओढलं आणि त्यांना गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "चढ बंद. म्हणजे पूर्ण बंद. पुढचा चढ शेवटचा ठरू शकतो." काका मान डोलावून "हो, हो" म्हणाले. त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला त्या "हो, हो"ची किंमत माहीत होती.

पंधरा दिवसांनी बेसमेंटमध्ये सगळे जमले. ठरलं की काकांना कुणी डोंगराकडे गाडीतून न्यायचं नाही. ते स्वतः डॉक्टरांच्या सांगण्यावरून हायवेवर गाडी घालत नव्हते, म्हणजे वाट बंद. पण किल्ली त्यांच्याकडे आहे तोवर जीव तिकडेच ओढणार, तेव्हा ती परत करायला लावायची. बोलणार कोण? डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही घासाघीस करता ना? करा."

मी काकांच्या स्वयंपाकघरात बसलो. त्यांनी चहा टाकला.

"हा हिवाळा," ते म्हणाले. "पूर्ण. मग किल्ली देतो."

"शून्य," मी म्हटलं.

"चार वेळा."

"काका, शून्य म्हणजे शून्य."

"डॉक्टरांनी पाठवलंय का?"

"सगळ्यांनी पाठवलंय. मीही आलोय."

ते चहा ओतत राहिले. मग म्हणाले, "एकदा. तुमच्याबरोबर. उतरलो की त्याच दिवशी तुमच्यासमोर किल्ली अध्यक्षाच्या हातात."

मी उठायला हवं होतं. पण समोरचा हिवाळाभरावरून एकावर आला होता, आणि माझ्यासारख्याला अशा वेळी हात पुढे केल्याशिवाय राहवत नाही. मी अटी घातल्या. ओझं मी उचलणार. दर दहा मिनिटांनी बसायचं. ओठ निळे दिसले तर तिथून परत. ते प्रत्येक अटीला मान डोलावत होते. आम्ही हात मिळवले. त्यांचा हात गरम होता, कप धरलेला होता म्हणून.

नोव्हेंबरात, थोड्या बर्फात, आम्ही गेलो. एरवीच्या तीन तासांच्या चढाला सहा लागले. त्या दिवशी मी पुढे होतो आणि ते मागे. दर दहा मिनिटांनी मी थांबायचो, ते दगडावर बसायचे आणि मला झाडांची नावं सांगायचे. वर गेल्यावर मला एकेक गोष्ट दाखवली. धुराड्याची झडप कुठे अडकते, बर्फाखाली झरा कुठे सापडतो, कुऱ्हाडीचा दांडा कोणत्या बाजूने सैल आहे. मला वाटलं, निरोप घेतायत. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो, कारण मला रडताना कुणी बघितलेलं आवडत नाही.

उतरल्यावर त्यांनी अध्यक्षाच्या हातात किल्ली ठेवली. माझ्या डोळ्यांसमोर. मी श्रूजबरीत परतलो आणि दहाही घरी फोन करून सांगितलं: काम झालं. डॉक्टर फोनवर म्हणाले, "वेल डन." त्यांच्या तोंडून माझ्यासाठी तेवढंच एकदा ते निघालं.

फेब्रुवारीत एका सोमवारी अध्यक्षाचा दुकानात फोन आला. आदल्या दुपारी दोघं स्कीवाले हटवर पोचले, तर काका खिडकीजवळच्या बाकावर बसलेले होते. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. जीव शनिवारीच गेला असावा. सगळा चढ एकट्याने चढून, दार उघडून, आत येऊन, बसून.

"पण त्याने किल्ली मला दिली होती," अध्यक्ष पुन्हा पुन्हा म्हणत होता. "दार कसं उघडलं?"

क्लबच्या कार्डावर काकांनी "कळवायचं कुणाला" या जागी माझं नाव लिहिलं होतं. म्हणून त्यांचं सामान माझ्या हाती आलं. कोटाच्या खिशात किल्ली होती. मी ती हातावर घेऊन उलटून पाहिली. तिच्यावर माझ्या दुकानाचा शिक्का होता.

डॉक्टरांनी चढ बंद केल्यानंतर चौथ्या दिवशी काका दुकानात आले होते. एक किल्ली पुढे ठेवून म्हणाले, "हिची एक काढून द्या." कुठली किल्ली ते गिऱ्हाइकाला विचारायचं नाही, हा माझा नियम आहे. मी मशीनवर घातली, कानस मारली, त्यांना दिली. वर म्हटलं, "काका, तुमच्याकडून पैसे घेतले तर हात झडेल." म्हणजे मी सौदा करायला गेलो त्याच्या कितीतरी आधी सौदा उरकलेला होता. चहा, हिवाळाभर, चार वेळा, एकदा, सगळं त्यांनी माझ्या समाधानासाठी केलं. तीस वर्षं मी लोकांच्या चेहऱ्यावरून त्यांचा शेवटचा भाव ओळखत आलो आहे. या माणसाचा ओळखता आला नाही.

पाठपिशवीत एक स्टीलचा डबा होता. आत दीड थालीपीठ आणि लसणाची चटणी. काकांना भात आणि अंडी यापलीकडे काही करता येत नव्हतं. मी डबा घरी आणला. बायकोने वास घेतला. "भाजणी घरची आहे. ओवा घातलाय."

"तू नाही ना दिलास?"

"मी ओवा घालत नाही. पंधरा वर्षं खाताय, एवढंही कळलं नाही का?"

आपल्या भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. मंडळात जेवणं झाली की डबे त्यावरूनच घरोघरी परत जातात. या डब्यावर नाव नव्हतं.

काकांची गाडी त्यांच्या दारात होती, तिच्यावर हातभर न हललेला बर्फ. डोंगरापर्यंत बस जात नाही. क्लबच्या एकेकाला मी फोन केला, त्यांच्यातलं कुणी नव्हतं. आणि त्यांच्यातलं कुणी थालीपीठही करत नाही.

शोकसभा बेसमेंटमध्येच झाली. मी डबा टेबलावर ठेवला आणि विचारलं, "कुणाचा?" दहा घरांनी बघितलं. "आमचा नाही." "आमच्याकडे या साइझचा नाहीच." एका काकूंनी तर झाकणसुद्धा लावून पाहिलं आणि खाली ठेवलं. मग डॉक्टर म्हणाले, "आता डबा कुणाचा याला काय अर्थ आहे? मूळ चूक एक ट्रिप कबूल केली ही. मी झिरो सांगितलं होतं. पण शेवटी दुकानदार माणूस, सौदा करून आला."

मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. तरातरा जिना चढलो, बूट घातले आणि बाहेर पडलो. गाडीपाशी कळलं की बूट दुसऱ्याचे आहेत. परत जाऊन बदलावे लागले. भांडणाची सगळी शान गेली. जिन्याखाली कुणीतरी फिसकन हसलं, आणि मला वाटलं, काका असते तर चौकटीला धरून हसले असते.

तेव्हापासून मी दुकानदार, ज्याच्या सौद्यापायी काका गेले. असू दे. तेव्हाची अकरा घरं आता पांगली आहेत. कुणी न्यू जर्सीत एडिसनला, कुणी पार्सिपनीला. श्रूजबरीत आता इतके आपले लोक आहेत की नव्यांना काका हे कुणाचं नाव होतं तेही माहीत नाही. पण मला त्या अकरा घरांशीच बोलायचं आहे. त्यातलं माझं घर वजा करा.

काकांनी मला फसवलं, त्याचा हिशेब मी त्यांच्याशी मिटवला आहे. त्यांना वर जायचं होतं, मी आडवा आलो, त्यांनी मला बगल दिली. मीही तेच केलं असतं. मला लागलंय ते वेगळंच. त्यांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी भांडलो असतो, अटी घातल्या असत्या, पुढच्या शनिवारवर ढकललं असतं. तुम्ही तसलं काही केलं नाहीत. पहाटे उठून भाजणी भिजवलीत, बर्फातून तीन तास गाडी चालवलीत आणि त्यांना हवं तिथे सोडलंत. तुम्ही कोण ते मला माहीत नाही, पण तुम्ही मला चोख हरवलंत.

मग आता पुढे या. डॉक्टरांना मी काही सांगणार नाही. भांडणार नाही, असा शब्द देत नाही, पण आधी ऐकून घेईन. तीन तास ते तुमच्या शेजारी बसले होते. काय बोलले? माझं नाव घेतलं का? पिशवी त्यांच्या पाठीवर कुणी चढवली? ते झाडांत शिरेपर्यंत तुम्ही थांबलात, की लगेच गाडी वळवलीत? आणि जाताना एकदा तरी मागे वळून पाहिलं का त्यांनी?

उत्तर द्या.